आतड्यांतील मज्जासंस्था व एका विद्येची गुरुपरंपरा

दरवर्षी आपल्या या वार्षिक स्मरणिकेत घराण्यांच्या वंशावळी, दिवंगत कार्यकर्त्यांची चरित्रे, कुलदैवतांची माहिती व मूळ गावांचा इतिहास प्रसिद्ध होत असतो. आपले पूर्वज कोण, ते कोठून आले आणि आपल्यासाठी काय ठेवून गेले, हे जाणून घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु मनुष्याचा वंश एकच नसतो. संस्कृत वैयाकरणांनी नात्यांचे दोन प्रकार मानले आहेत: एक योनिसंबंध, म्हणजे जन्माने जडलेला, दुसरा विद्यासंबंध, म्हणजे गुरुशिष्यांचा. पहिल्या प्रकारच्या वंशावळी या स्मरणिकेत पुष्कळ आल्या. यंदा दुसऱ्या प्रकारची एक वंशावळ आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. ती आपल्या ज्ञातीतील नाही, आपल्या देशातीलही नाही. तथापि जी विद्या तिच्या योगे टिकली ती प्रत्येक कुटुंबाच्या, किंबहुना प्रत्येकाच्या पोटाच्या निकट संबंधाची आहे. ही विद्या म्हणजे आतड्यांच्या स्वतंत्र मज्जासंस्थेचे ज्ञान होय.

पोटाविषयी आपली मराठी भाषा मोठी जाणती आहे. कळकळीने बोलणारा पोटतिडकीने बोलतो. भय वाटले की पोटात गोळा उठतो. क्षमाशील मनुष्य दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो. आणि ज्याला गुपित सांभाळता येत नाही त्याच्या पोटात काही राहत नाही. मनाच्या व्यवहारात पोटाचा वाटा आहे, हे आपल्या आजीपणजींना अनुभवाने ठाऊक होते. आयुर्वेदानेही पक्वाशय हे वाताचे प्रमुख स्थान मानले आहे. मात्र एवढ्यावरून आतड्यांतील मज्जातंतूंचे जाळे आपल्या पूर्वजांना ज्ञात होते, असे म्हणणे योग्य होणार नाही. त्यांचे निरीक्षण हे त्यांचे श्रेय आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते इतरांचे श्रेय आहे. ज्याचे त्यास देण्यातच इतिहासाचा न्याय असतो.

पोटातील ही व्यवस्था काय आहे?

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाची जी लांब नळी आहे तिच्या भिंतीत स्नायूंचे दोन प्रमुख थर असतात. बाहेरच्या थरातील तंतू नळीच्या लांबीच्या दिशेने जातात, आतल्या थरातील तंतू नळीभोवती कड्यासारखे फिरतात. या दोन थरांच्या मध्ये मज्जापेशींच्या लहानलहान गुच्छांचे व त्यांना जोडणाऱ्या तंतूंचे एक जाळे पसरलेले असते. आतड्यांत त्याहून आत, अस्तराच्या खाली, दुसरे जाळे असते. पहिले मुख्यतः हालचाल घडविते, दुसरे विशेषेकरून पाचकरसांचा स्राव व रक्तपुरवठा यांकडे पाहते. मनुष्याच्या अन्नमार्गातील या मज्जापेशींची संख्या दहा कोटींहून अधिक मानली जाते. पाठीच्या कण्यातील रज्जूत जितक्या मज्जापेशी असतात त्यांच्याशी तुलना करता येईल, एवढी ही संख्या मोठी आहे.

या पेशींत कामाची वाटणी असते. काही पेशी आतड्यात काय आले, किती आले, त्याचा ताण किती पडला हे जाणतात; काही ती वार्ता पुढे नेतात; काही स्नायूंना आज्ञा देतात. अन्नाचा गोळा एखाद्या ठिकाणी आला की त्याच्या मागचा भाग आवळला जातो व पुढचा भाग सैल होतो. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवताना आपण मागे चिमूट धरतो व पुढचे कापड मोकळे करतो, तसाच हा प्रकार होय. यालाच शास्त्रज्ञ क्रमसंकोच म्हणतात. आश्चर्य हे की यासाठी मेंदूला विचारावे लागत नाही. हृदयास, फुफ्फुसांस किंवा हातापायांस असा अधिकार मिळालेला नाही. मेंदू व पृष्ठरज्जू यांच्याशी असलेले सर्व संबंध तोडले तरी स्वतःच्या ठायी घडणाऱ्या गोष्टी जाणून, त्यांचा निवाडा करून, तदनुसार वागणारे आपल्या देहात आतडे हेच एक इंद्रिय आहे.

प्रथम द्रष्टे

ही गोष्ट एकदम कळली नाही. १८५७ साली जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग माइसनर यांनी अस्तराखालच्या जाळ्याचे वर्णन केले. त्यानंतर पाच वर्षांनी, १८६२ साली, ब्रेस्लाऊ नगरातील लेओपोल्ड आउअरबाख या ज्यू वैद्याने स्नायूंच्या थरांमधील दुसरे व अधिक मोठे जाळे शोधून काढले. ते नगर आज पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. आजही वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी ही दोन जाळी माइसनर व आउअरबाख यांच्याच नावांनी शिकतो. परंतु जाळे आहे एवढे दिसले म्हणजे ते काय करते हे कळले असे होत नाही.

ते काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी केले. हे दोघे नात्याने शालक-मेहुणे होते; बेलिस यांनी १८९३ साली स्टार्लिंग यांच्या भगिनीशी विवाह केला होता. भूल दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यांकडे येणारे सर्व बाह्य मज्जातंतू तोडून त्यांनी आतड्याच्या आतील बाजूस दाब दिला. दाब दिलेल्या जागेच्या वरील भाग आवळला गेला, खालील भाग सैल पडला. मेंदूचा संबंध तुटलेला असूनही क्रिया चालू राहिली, याचा अर्थ तिची सूत्रे आतड्यातच होती. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी या क्रियेस ‘आतड्यांचा नियम’ असे नाव दिले. पुढे १९०२ साली याच दोघांनी सीक्रेटिन हे द्रव्य शोधून संप्रेरकांच्या, म्हणजे हॉर्मोनांच्या, शास्त्राचा पाया घातला. हा दुसरा शोध इतका गाजला की पहिला त्याच्या छायेत गेला.

१९१७ साली पाउल ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन औषधशास्त्रज्ञाने याहून एक पाऊल पुढे टाकले. त्याने गिनीपिगच्या आतड्याचा एक तुकडा शरीरातून पूर्णपणे वेगळा करून उबदार क्षारद्रवात ठेवला व आतून त्यावर दाब दिला. तो तुकडा एकटाच, देहाशिवाय, लाटेमागून लाट उठवून आतील पदार्थ पुढे ढकलू लागला. मेंदू नाही, कणा नाही, रक्तप्रवाहही नाही; तरी क्रमसंकोच चालू. यापेक्षा स्पष्ट पुरावा तो कोणता असावा?

आणि १९२१ साली केंब्रिजचे जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी या सर्वांवर सिद्धान्ताचा कळस चढविला. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या देहव्यापारांचे नियंत्रण करणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचे त्यांनी तीन विभाग सांगितले: अनुकंपी, परानुकंपी व आंत्रिक. आंत्रिक म्हणजे आतड्यांची. त्यांचा तर्क गणिताइतका सरळ होता. मेंदूपासून आतड्यांकडे आज्ञा घेऊन जाणारे तंतू काही सहस्र, आणि आतड्यांतील मज्जापेशी कोट्यवधी. तेव्हा यांतील बहुसंख्य पेशींपर्यंत मेंदूचा तंतू थेट पोचणे शक्यच नाही. त्या आपल्या कारभारापुरत्या स्वतंत्र असल्या पाहिजेत.

ज्ञान मिळाले व हरवले

यापुढील प्रकरण विचार करण्याजोगे आहे. इतके स्पष्ट झालेले ज्ञान पुढील अनेक वर्षे जवळजवळ विस्मृतीत गेले. लँगली १९२५ साली निवर्तले. त्यांच्या तीन विभागांपैकी दोन पाठ्यपुस्तकांत राहिले व तिसरा गळून पडला. आतड्यांतील मज्जापेशी म्हणजे मेंदूकडून आलेली आज्ञा स्नायूपर्यंत पोचविणारी केवळ टपालाची ठाणी, असे विद्यार्थ्यांना शिकविण्यात येऊ लागले. कोणी लँगलींचे खंडन केले नव्हते किंवा प्रयोग चुकीचे ठरविले नव्हते. संशोधकांचे लक्ष मज्जातंतूंतून स्रवणाऱ्या रासायनिक द्रव्यांकडे वळले. त्या काळी अशी दोनच द्रव्ये ज्ञात होती, ॲसिटिलकोलिन व नॉरॲड्रेनलिन. आणि दोन द्रव्यांस दोन विभाग इतके सुबक बसत होते की तिसऱ्यास जागा उरली नाही. शिकागोचे वैद्य बायरन रॉबिन्सन यांनी तर १९०७ सालीच ‘उदरातील मेंदू’ असा शब्द ग्रंथाच्या नावात योजिला होता. तोही विस्मरणात गेला.

आपल्याकडे जुनी दप्तरे वाळवीने खाल्ल्यामुळे कित्येक घराण्यांचा इतिहास गेला, असे आपण हळहळून म्हणतो. येथे वाळवी लागली नव्हती. निबंध ग्रंथालयांत सुरक्षित होते. ते वाचून पुढे नेणारा शिष्य तेवढा नव्हता. ज्ञान कागदावर जपले जाते, परंतु जगते ते मनुष्यांत. या विद्येचा धागा सर्वस्वी तुटला नाही, याचे मोठे श्रेय एका विदुषीकडे जाते. तिचे नाव एडिथ ब्युलब्रिंग.

एडिथ ब्युलब्रिंग

एडिथ ब्युलब्रिंग यांचा जन्म १९०३ साली जर्मनीतील बॉन येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आई हॉलंडमधील एका ज्यू घराण्यातील होती. एडिथ लहान असतानाच, १९१७ साली, पितृछत्र हरपले. पुढे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले आणि बर्लिन येथे त्या ज्या गुरूंच्या हाताखाली संशोधनास लागल्या ते गुरू म्हणजे वर उल्लेखिलेले पाउल ट्रेंडेलेनबुर्ग होत. देहावेगळ्या आतड्यास क्रमसंकोच करावयास लावणाऱ्या त्या हातांखाली एडिथबाई प्रयोग शिकल्या. १९३१ साली गुरू निवर्तले. एडिथबाई बर्लिनच्या एका रुग्णालयात संसर्गजन्य रोगांच्या विभागात काम करू लागल्या.

१९३३ साली जर्मनीत नाझी पक्ष सत्तेवर आला. त्या राजवटीने मनुष्याची योग्यता त्याच्या वंशावळीवरून ठरविण्याचा कायदा केला. ज्यांच्या आईबापांत किंवा आजाआजींत कोणी ज्यू आढळले त्यांना शासकीय सेवेतून दूर करण्यात येऊ लागले. एडिथबाईंची आई ज्यू होती. त्यांचे ज्ञान, त्यांचे कौशल्य, रुग्णांची त्यांनी केलेली सेवा यांपैकी कशाचाही विचार झाला नाही. मातुलकुलाचा एक तपशील पुरेसा ठरला आणि त्यांची नोकरी गेली.

त्या इंग्लंडला गेल्या. तेथील थोर शास्त्रज्ञ हेन्री डेल यांच्या मध्यस्थीने औषधशास्त्रज्ञ जे. एच. बर्न यांनी त्यांना आपल्या लंडनच्या प्रयोगशाळेत जागा दिली. १९३७ साली बर्न ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक झाले तेव्हा एडिथबाईही त्यांच्यासमवेत तेथे गेल्या व आयुष्याच्या अखेरपर्यंत त्याच नगरात राहिल्या. मज्जातंतूसह वेगळ्या केलेल्या उंदराच्या श्वासपटलावर प्रयोग करण्याची त्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेली पद्धत पुढे देशोदेशींच्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. परंतु त्यांचे मन रमले ते आतड्यांसारख्या इंद्रियांच्या भिंतीत असणाऱ्या, आपल्या इच्छेवर न चालणाऱ्या स्नायूंच्या अभ्यासात. हा विषय अवघड व निरस मानला जाई. हे स्नायू कोणाची वाट न पाहता स्वतःच आवळतात व सैल पडतात, त्यामुळे प्रयोग करणाराचा जीव मेटाकुटीस येतो. एडिथबाईंनी मात्र याच विषयात ऑक्सफर्डला जगाचे केंद्र बनविले.

१९५८ च्या सुमारास त्यांनी लिन व इतर सहकाऱ्यांसह जे प्रयोग केले ते आपल्या कथेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. इटलीतील व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी आतड्यांच्या अस्तरातील काही विशिष्ट पेशींत एक द्रव्य शोधले होते. अमेरिकेत १९४८ साली रक्तातून वेगळे काढलेले सेरोटोनिन व हे द्रव्य एकच, असे १९५२ साली सिद्ध झाले. आज आपण जाणतो की शरीरातील सेरोटोनिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आतड्यांत असते. ते तेथे करते काय? एडिथबाईंनी गुरूची जुनी पद्धत हाती घेतली. गिनीपिगच्या आतड्याच्या पोकळीत त्यांनी सेरोटोनिन घातले, तेव्हा एरवीपेक्षा कमी दाबानेही क्रमसंकोच सुरू झाला. उलट आतड्यावरील दाब वाढविला की अस्तरातून सेरोटोनिन अधिक प्रमाणात बाहेर पडते, असेही दिसून आले. यावरून एक सुसंगत चित्र उभे राहिले: अन्नाचा दाब पडतो, अस्तरातील पेशी सेरोटोनिन सोडतात, ते जवळच्या मज्जातंतूंच्या टोकांना जागे करते व आतड्यातील जाळे कामास लागते. गुरूने ‘आतडे स्वतः चालते’ असे दाखविले होते. शिष्येने ‘ते कसे चालू होते’ याचा मार्ग दाखविला. त्याच वर्षी, १९५८ साली, रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. ऑक्सफर्डने त्यांना प्राध्यापकपद मात्र १९६७ साली दिले. १९९० साली त्यांचे निधन झाले.

शिष्यशाखा

वंशावळीत एका नावाखाली अनेक शाखा फुटाव्यात तसे येथून पुढे झाले. एडिथबाईंच्या प्रयोगशाळेत शिकून गेलेल्या तरुणांत जेफ्री बर्नस्टॉक हे एक होते. ते पुढे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे गेले. ज्ञात असलेल्या दोन्ही द्रव्यांचे कार्य औषधांनी बंद केले तरी आतड्याचे स्नायू मज्जातंतूंच्या आज्ञेने सैल पडतातच, असे त्यांना आढळले. तेव्हा तिसरे काही द्रव्य असलेच पाहिजे. १९७२ साली त्यांनी एटीपी हे ते द्रव्य असावे असे मांडले. पेशींना शक्ती पुरविणारे द्रव्य संदेशही पोचविते हे पुष्कळांना हास्यास्पद वाटले. बर्नस्टॉक दोन दशके टीका सोसत राहिले. एटीपीला ओळखणाऱ्या पेशीवरील ग्राहकांची जनुके १९९३-९४ मध्ये हाती आल्यावर शंकेस जागा उरली नाही. त्यांचेच विद्यार्थी जॉन फर्नेस व इटलीहून त्यांच्याकडे आलेले मार्चेल्लो कोस्टा या दोघांनी ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात आतड्यांतील मज्जापेशींची एखाद्या गावाच्या खानेसुमारीसारखी नोंद केली. कोणती पेशी कोठे बसते, कोणते द्रव्य वापरते, तिचा तंतू कोठे जातो, हे त्यांनी एकेक करून ठरविले. लँगलींच्या तिसऱ्या विभागास १९८७ साली या दोघांच्या नावे स्वतंत्र ग्रंथ मिळाला.

दुसरी शाखा अमेरिकेची. न्यूयॉर्कचे मायकेल गर्शन हे १९६० नंतरच्या दशकात एडिथबाईंकडे ऑक्सफर्डला आले व दोघांनी मिळून निबंधही लिहिले. सेरोटोनिन केवळ अस्तरातील पेशींत नसून आतड्यांतील मज्जापेशीही ते तयार करून संदेशासाठी वापरतात, असे गर्शन यांचे प्रतिपादन होते व १९६५ साली त्यांनी ते प्रथम मांडले. विद्वत्सभांत त्यांना कडवा विरोध झाला. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर, विरोधकांनीच केलेल्या कामाच्या साहाय्याने, ते सर्वमान्य झाले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९९८ साली त्यांनी ‘दुसरा मेंदू’ या नावाचा ग्रंथ सामान्य वाचकांसाठी लिहिला व त्यात बेलिस, स्टार्लिंग, ट्रेंडेलेनबुर्ग व लँगली या विसरलेल्या पूर्वसूरींना त्यांचे स्थान परत मिळवून दिले. शिष्याने केवळ गुरूचेच नव्हे तर गुरूच्या गुरूचेही ऋण फेडावे, याचे हे सुंदर उदाहरण होय.

‘दुसरा मेंदू’ या शब्दाने मात्र वाचकांनी फसू नये. आतडे विचार करीत नाही, कविता रचीत नाही, मुलाबाळांची काळजी वाहत नाही. ते आपला कारभार स्वतः पाहते व मेंदूस वार्ता कळविते, एवढाच त्याचा अर्थ. वार्तेचे प्रमाण मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. मेंदू व उदर यांना जोडणाऱ्या व्हेगस नामक मज्जातंतूतील बहुसंख्य तंतू मेंदूकडून आज्ञा आणणारे नसून पोटाकडून मेंदूकडे वार्ता नेणारे आहेत. भयाने पोटात गोळा उठतो हे जसे खरे, तसे पोट बिघडल्याने चित्त अस्वस्थ होते हेही खरे आहे. दीर्घकाळ पोटाच्या तक्रारी सांगणाऱ्या घरातील स्त्रीस किंवा वृद्धास ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून गप्प बसविण्याची आपल्या घरांत जी चाल आहे, ती या ज्ञानाच्या प्रकाशात टाकून द्यावी.

बालकांचे प्राण

हे सर्व पंडितांपुरतेच राहिले असते तर या स्मरणिकेत आम्ही त्यास स्थान दिले नसते. या ज्ञानाच्या अभावी बालके दगावत होती व त्याच्या प्राप्तीने ती वाचू लागली.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे हॅरल्ड हिर्शस्प्रुंग नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. वडिलांचा तंबाखूचा कारखाना भरभराटीत होता. परंतु पिढीजात धंदा सोडून त्यांनी वैद्यक पत्करले. १८८६ साली बर्लिन येथील विद्वत्सभेपुढे त्यांनी दोन बालकांची हकीकत निवेदन केली. जन्मापासून मलावरोध, पोट फुगलेले, आणि अखेर मृत्यू. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड फुगलेले आढळले. तेव्हापासून या विकारास त्यांचे नाव मिळाले.

पुढील साठ वर्षे शस्त्रवैद्य त्या फुगलेल्या भागाकडेच पाहत राहिले. जे विस्तारले तेच रोगी, असा साहजिक समज. वास्तविक दोष होता त्याच्या खालच्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या अरुंद भागात. तेथे मज्जापेशींचे जाळेच नव्हते. जाळे नाही म्हणून तो भाग सैल पडत नव्हता, मळ पुढे जात नव्हता व वरचा निरोगी भाग तुंबून फुगत होता. १९०१ सालीच एका निबंधात मज्जापेशींच्या या अभावाची नोंद झाली होती. पण लँगलींच्या सिद्धान्ताप्रमाणे तीही पडून राहिली. १९४८ साली बोस्टन येथील शस्त्रवैद्य ऑर्व्हार स्वेन्सन यांनी कोडे सोडविले. फुगलेल्या आतड्यास पोटावर तात्पुरते द्वार करून दिले की मूल बाळसे धरते, आणि ते द्वार बंद केले की पुन्हा पूर्ववत आजारी पडते, हे त्यांनी पाहिले. मग आतड्यातील दाबाची मापे घेऊन त्यांनी दाखविले की क्रमसंकोचाची लाट त्या अरुंद भागापाशी येऊन थांबते. तो मज्जाहीन भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी सिद्ध केली. स्वेन्सन २०१२ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी निवर्तले.

जाळे तेथे का नसते, याचे उत्तर फ्रान्समधून आले. निकोल ल दुआरँ या विदुषीने लाव्याच्या गर्भातील पेशी कोंबडीच्या गर्भात बसविल्या. लाव्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखू येतात, त्यामुळे त्या कोठे जातात हे पाहता आले. १९७३ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी तेइये यांनी दाखविले की आतड्यांतील मज्जापेशी आतड्यात जन्मतच नाहीत. गर्भाच्या पाठीकडील भागात, भावी मेंदू व रज्जूच्या कडेला त्या जन्मतात आणि तेथून प्रवास करीत आतड्यात येतात. बहुतेक पेशी वरच्या टोकाकडून शिरून खालपर्यंत चालत जातात. ही वाटचाल मध्येच थांबली तर आतड्याचा शेवटचा भाग उजाड राहतो. १९९४ साली या विकाराशी निगडित असलेले रेट नावाचे जनुकही सापडले.

सुमारे पाच हजार नवजात बालकांत एकास हा विकार असतो. तेव्हा एवढे लक्षात ठेवावे: बाळास जन्मानंतर ४८ तासांच्या आत पहिला काळसर मळ झाला नाही, पोट फुगले किंवा हिरवी वांती झाली, तर एरंडेल, विड्याच्या पानाचा देठ इत्यादी घरगुती उपायांत वेळ न दवडता ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. आज या विकारावर चांगली शस्त्रक्रिया उपलब्ध आहे आणि वेळीच निदान झाल्यास बहुसंख्य मुले वाचतात.

उपसंहार

आता ही वंशावळ एकदा डोळ्यांखालून घालू. ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या शिष्या ब्युलब्रिंग. ब्युलब्रिंग यांचे शिष्य बर्नस्टॉक व गर्शन. बर्नस्टॉक यांचे शिष्य फर्नेस व सहकारी कोस्टा. जर्मनी, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, इटली, अमेरिका. ख्रिस्ती आणि ज्यू. पुरुष आणि स्त्री. या परंपरेत प्रवेश मिळाला तो प्रश्नाची चाड होती म्हणून. कुळगोत्र कोणी विचारले नाही. ज्या राजवटीने ते विचारले तिने स्वतःच्याच देशातील एक थोर विद्या परदेशी घालविली. बर्लिनने जे टाकले ते ऑक्सफर्डचे भूषण ठरले.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस विशेष जबाबदारी वाटते. वंशावळ हे दुधारी शस्त्र आहे. तिच्या योगे पूर्वजांचे स्मरण राहते, आप्तांची ओळख पटते, गरजू विद्यार्थ्यास हात देता येतो. परंतु तीच वंशावळ दाराशी आडवी धरली की बाहेर राहणारा कोण होता, हे आत बसलेल्यांना कधीच कळत नाही. आपली संस्था पहिल्या कारणासाठी निघाली आहे. दुसऱ्या कामासाठी तिचा उपयोग कधीही होऊ नये. आपल्या शिष्यवृत्त्या वाढाव्यात, संशोधनाच्या लांब व अल्पवेतनाच्या वाटेवर जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना घरच्यांनी व संस्थेने पाठबळ द्यावे. आणि आपल्यातील कोणी शिक्षक झाला, प्रयोगशाळेचा किंवा रुग्णालयाचा प्रमुख झाला, तर त्याने बर्न यांच्याप्रमाणे दार उघडताना आडनाव विचारू नये.

जन्माचा वंश आपोआप चालतो. विद्येचा वंश प्रत्येक पिढीस नव्याने चालवावा लागतो, आणि तो चालविला नाही तर ग्रंथालयात सर्व काही सुरक्षित असूनही बालके मरत राहतात. ज्ञातिबंधुभगिनींनी या दुसऱ्या वंशाचीही तितक्याच आस्थेने जपणूक करावी, अशी नम्र विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो. इत्यलम्.